रुडॉल्फ डिझेल : उष्णतेचा हिशेब मांडणारा अभियंता

महाराष्ट्रातील कोणत्याही पेट्रोल पंपावर दिवसातून शेकडो वेळा उच्चारला जाणारा एक शब्द मुळात एका माणसाचे आडनाव आहे, याची आठवण सहसा कोणाला राहत नाही. डिझेल म्हणजे इंधन, डिझेल म्हणजे ट्रकचा धूर, डिझेल म्हणजे वाढलेले भाव. रुडॉल्फ डिझेल यांचा ध्यास मात्र इंधनाचा नव्हता, उष्णतेचा होता. जाळलेल्या इंधनातील उष्णता वाया जाऊ नये, तिचे जास्तीत जास्त कामात रूपांतर व्हावे, या एका विचारामागे त्यांनी आयुष्य वेचले. त्या विचाराचा मोठा भाग खरा ठरला आणि एक भाग चुकला. इंजिनाला थंड करण्याची गरजच पडू नये, ही त्यांची सुरुवातीची अपेक्षा प्रत्यक्षात उतरली नाही. आज जर्मनीच्या आउटोबानवर धावणाऱ्या ट्रकच्या इंजिनात थर्मोस्टॅट नावाची एक छोटी झडप असते. इंजिनातील किती उष्णता बाहेर जाऊ द्यायची आणि किती राखायची, हे ती ठरवते. डिझेल यांना ज्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर हयातीत सापडले नाही, त्याचे रोजच्या व्यवहारातील उत्तर म्हणजे ही झडप.

पॅरिसमधला जर्मन मुलगा

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील दोघेही बव्हेरियाचे. वडील थिओडोर हे आउग्सबुर्गचे, पेशाने पुस्तकबांधणी करणारे. पॅरिसमध्ये ते चामड्याच्या वस्तूंचा व्यवसाय करीत. आई एलिझ न्यूर्नबर्गची. घरची स्थिती बेताची होती. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा पॅरिसमधील इतर जर्मनांप्रमाणे या कुटुंबालाही शहर सोडावे लागले. ते लंडनला गेले. तेथे संसाराची घडी बसण्याआधीच बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी आउग्सबुर्गला नातलगांकडे पाठवण्यात आले. ज्या देशाचे नागरिक म्हणून पॅरिस सोडावे लागले, तो देश त्यांना तोवर परकाच होता.

आउग्सबुर्गमध्ये क्रिस्टोफ बार्निकेल या गणिताच्या शिक्षकाच्या घरी ते राहिले आणि बार्निकेल ज्या शाळेत शिकवत, तेथेच शिकले. वयाच्या चौदाव्या वर्षीच आपण अभियंता होणार, असे त्यांनी आईवडिलांना पत्राने कळवले होते. १८७३ मध्ये शाळेत पहिला क्रमांक, पुढे औद्योगिक विद्यालय आणि १८७५ मध्ये शिष्यवृत्तीवर म्युनिकच्या राजकीय पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश, असा हा प्रवास झाला. १८७९ मध्ये विषमज्वरामुळे अंतिम परीक्षा चुकली. परीक्षेच्या पुढील तारखेपर्यंतचा काळ त्यांनी स्वित्झर्लंडमधील विंटरथुर येथे सुल्झर बंधूंच्या यंत्रशाळेत प्रत्यक्ष काम करण्यात घालवला. जानेवारी १८८० मध्ये ते सर्वोच्च गुणांनी उत्तीर्ण झाले.

थंडाव्याच्या व्यवसायात उष्णतेचा विचार

म्युनिकमध्ये त्यांना कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक लाभले. कृत्रिम शीतकरणाच्या यंत्रांचे लिंडे हे प्रवर्तक होते. त्यांच्या उष्मागतिकीच्या व्याख्यानांतून एक हिशेब तरुण डिझेल यांच्या मनात कायमचा रुतला. फ्रेंच अभियंता सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये आदर्श उष्णतायंत्राची मर्यादा सिद्धान्ताने दाखवून दिली होती. तिच्याशी तुलना करता त्या काळचे वाफेचे इंजिन फारच मागे होते. कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी येई. बाकीची उष्णता धुराड्यातून आणि वाफेबरोबर निघून जाई. यंत्रयुगाचा सगळा डोलारा अशा उधळपट्टीवर उभा आहे, हे त्यांना अस्वस्थ करणारे होते. शिवाय वाफेचे मोठे इंजिन फक्त मोठ्या कारखानदारालाच परवडे. स्वस्तात चालणारे कार्यक्षम इंजिन मिळाले, तर छोटा कारागीरही त्याच्यापुढे टिकेल, असा सामाजिक विचारही त्यांच्या मनात होता.

पदवीनंतर लिंडे यांनी त्यांना पॅरिसला बर्फाच्या कारखान्याच्या उभारणीसाठी पाठवले आणि वर्षभरातच डिझेल तेथील संचालक झाले. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी त्यांचा विवाह झाला; पुढे त्यांना तीन अपत्ये झाली. दिवसा बर्फाचा धंदा आणि उरलेल्या वेळात इंजिनाचे प्रयोग, असा दिनक्रम दहा वर्षे चालला. वाफेऐवजी अमोनिया वापरून पाहण्यात बराच काळ गेला. १८९० मध्ये लिंडे यांच्या कंपनीच्या कामासाठी ते बर्लिनला आले, तेव्हा अमोनियाचा मार्ग सोडून त्यांनी सर्वांच्या हाताशी असलेले माध्यम निवडले. ते माध्यम म्हणजे हवा.

सायकलचा पंप जोराने मारला की त्याचे तोंड गरम होते, हे कोणीही अनुभवले असेल. हवा दाबली की तापते. ती पुरेशी दाबली तर तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्याही पुढे जाते, आणि अशा हवेत इंधन सोडले की ठिणगीशिवायच पेट घेते. डिझेल यांच्या कल्पनेचा गाभा हाच. २८ फेब्रुवारी १८९२ पासूनच्या हक्काचे पेटंट त्यांना पुढच्या वर्षी मिळाले, आणि १८९३ मध्येच या उष्णतायंत्राच्या सिद्धान्तावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

पाण्याविना इंजिन

त्या पहिल्या मांडणीत एक धाडसी गृहीतक होते. इंधन इतक्या हळूहळू आणि मोजून सोडायचे की ज्वलनाच्या काळात तापमान वाढूच नये, आणि प्रसरण पावणारी हवा काम करता करता स्वतःच थंड व्हावी. तसे झाले तर सिलिंडर बाहेरून थंड करण्याचे कारणच उरणार नव्हते. पाण्याला दिलेली उष्णता म्हणजे गमावलेली उष्णता. म्हणून पाणीच नको. कागदावर हा हिशेब चोख दिसत होता.

आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइनरिश बुत्स यांनी प्रयोगासाठी जागा आणि पैसा दिला. क्रुप कंपनीही खर्चात सहभागी झाली. या आउग्सबुर्गच्या कारखान्यातूनच पुढे 'मान' ही आज ट्रकसाठी ओळखली जाणारी कंपनी घडली. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या प्रायोगिक इंजिनाची चाचणी झाली. त्याला पाण्याचे वेष्टण नव्हते. बाहेरच्या शक्तीने इंजिन फिरवून आत इंधन सोडताच ते पेटले आणि दाब मोजणारे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. कोणी दगावले नाही. इंजिन स्वतःच्या बळावर चालले नाही, परंतु केवळ दाबाने इंधन पेटते, हे सिद्ध झाले. फेब्रुवारी १८९४ मध्ये ते प्रथमच, जेमतेम मिनिटभर, स्वतःहून फिरले.

पुढची तीन वर्षे अडचणींची होती. तापमान न वाढवता ज्वलन घडवले तर इंजिनाला स्वतःचे घर्षणही पेलवेल इतकी शक्ती मिळत नाही, हे आकडेमोडीतून डिझेल यांच्याच ध्यानात आले. नोव्हेंबर १८९३ मध्ये त्यांनी बदललेल्या कार्यपद्धतीसाठी दुसऱ्या पेटंटचा अर्ज केला. आता ज्वलनात तापमान वाढू द्यायचे होते, आणि ते वाढू द्यायचे तर धातूला वाचवणे भाग होते. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधील वायूचे तापमान दोन हजार अंशांच्या घरात जाऊ शकते. ती उष्णता भिंतींतून बाहेर काढली नाही, तर वंगणाचा थर जळतो, पिस्टन फुगून जाम होतो आणि धातूला तडे जातात. मग नंतरच्या इंजिनांत सिलिंडरभोवती पाण्याचे वेष्टण आले. ज्या उष्णतेचा थेंबही गमवायचा नव्हता, तिचा मोठा वाटा पाण्याच्या हवाली करावा लागला.

ही तडजोड स्वीकारल्यावरच यश आले. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मोरित्स श्र्योटर यांनी नव्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. सुमारे १८ अश्वशक्तीच्या त्या एका सिलिंडरच्या इंजिनाची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. इंधनातील चौथ्या हिश्श्याहून अधिक उष्णता प्रत्यक्ष कामात उतरली होती. त्या काळी कोणत्याही उष्णतायंत्राला हे साधलेले नव्हते.

कीर्ती, पैसा आणि उतरण

या एका आकड्याने डिझेल यांचे आयुष्य पालटले. देशोदेशीच्या कंपन्या परवान्यांसाठी धावल्या. अमेरिकेतील मद्यनिर्माते अडॉल्फस बुश यांनी तेथील हक्कांसाठी दहा लाख मार्क मोजले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती कंपनीला आपले हक्क देऊन डिझेल यांनी पस्तीस लाख मार्क मिळवले. म्युनिकमध्ये त्यांनी आलिशान हवेली बांधली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तेथे एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते.

याच काळात उतरणही सुरू झाली होती. प्रयोगशाळेत नीट चालणारे इंजिन गिऱ्हाइकाच्या हाती गेल्यावर रुसू लागले. केम्प्टेन येथील आगपेटीच्या कारखान्यात बसवलेल्या सुरुवातीच्या इंजिनाने इतका त्रास दिला की दुरुस्तीसाठी माणसे सतत तेथे ठेवावी लागली. पेटंटच्या वैधतेवर हल्ले झाले. मूळ सिद्धान्त आणि प्रत्यक्ष इंजिन यांत अंतर आहे, याकडे टीकाकार बोट दाखवत. अतिश्रमाने डिझेल यांची प्रकृती खालावली, १८९८ मध्ये त्यांना रुग्णालयात राहावे लागले. पुढे डोकेदुखी आणि मनाचा थकवा यांनी त्यांची पाठ सोडली नाही. तेलाच्या खाणी आणि जमिनी यांत गुंतवलेला पैसा बुडत गेला. आउग्सबुर्गमधील त्यांच्या नावाचा कारखानाही चालला नाही. १९०३ मध्ये कामगारांच्या सहकारातून समाजरचना बदलण्याचा विचार मांडणारे त्यांचे पुस्तक आले, त्याला वाचक मिळाले नाहीत.

इंजिन मात्र हळूहळू सुधारत गेले. १९१२ मध्ये डेन्मार्कचे 'सेलांडिया' हे डिझेलवर चालणारे मालवाहू जहाज पहिल्या सागरी प्रवासाला निघाले. रस्त्यावरची गोष्ट वेगळी होती. इंधन सिलिंडरमध्ये फवारण्यासाठी अतिशय दाबाखालील हवा लागे आणि ती पुरवणारा कॉम्प्रेसर इतका अवजड असे की ट्रकवर तो लादणे परवडत नसे. १९०८ नंतर डिझेल यांनी स्वित्झर्लंडमधील एका कंपनीसह ट्रकसाठी छोटे इंजिन घडवण्याचा प्रयत्न केला, पण तो व्यवहारात उतरला नाही. आपले इंजिन ट्रकमध्ये चाललेले पाहण्याचा योग त्यांच्या नशिबी नव्हता.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी ते अँटवर्पहून 'ड्रेस्डेन' या बोटीने इंग्लंडकडे निघाले. तेथे डिझेल इंजिनांच्या ब्रिटिश कंपनीची बैठक होती. रात्रीचे जेवण सहकाऱ्यांबरोबर झाले. दहाच्या सुमारास, सकाळी सव्वासहाला उठवण्याची सूचना देऊन ते खोलीत गेले. सकाळी खोली रिकामी होती. अंथरुणावर कोणी झोपल्याची खूण नव्हती, आणि डेकवरील कठड्याजवळ त्यांची टोपी व घडी घातलेला कोट सापडला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खिशातील वस्तू काढून घेऊन तो पुन्हा समुद्रात सोडण्यात आला. त्या वस्तू मुलगा ऑयगेन यांनी फ्लिसिंगेन येथे ओळखल्या. आत्महत्या, अपघात की घातपात, यावर आजही लिहिले जाते. इतके खरे की, प्रवासाआधी त्यांनी पत्नीकडे दिलेल्या पेटीत वीस हजार मार्क रोख आणि जवळपास रिकाम्या झालेल्या बँकखात्यांची कागदपत्रे निघाली. मृत्युसमयी त्यांचे वय पंचावन्न होते.

ट्रक आणि छोटी झडप

ट्रकचा प्रश्न पुढच्या पिढीने सोडवला. मानहाइमच्या बेन्झ कारखान्यात प्रॉस्पर लोरांज यांनी इंधन आधी एका छोट्या कक्षात पेटवण्याची पद्धत विकसित केली. त्यामुळे अवजड कॉम्प्रेसर गेला. १९२३ मध्ये बेन्झचा डिझेल ट्रक रस्त्यावर आला, १९२४ मध्ये मान कंपनीचा. १९२७ पासून बॉशचे इंधनपंप मोठ्या संख्येने बनू लागले आणि डिझेल ट्रक हा सर्वसाधारण व्यवहार झाला.

रस्त्यावर येताच उष्णतेचा जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. कारखान्यातील इंजिन एकाच गतीने, एकाच भारावर चालते. ट्रक मात्र कधी भरलेल्या मालासह घाट चढतो, कधी उतारावर नुसता घरंगळतो, कधी हिमवर्षावात तासभर उभा राहतो. पाण्याचा प्रवाह कायम सारखाच ठेवला, तर चढावर इंजिन तापेल आणि उतारावर गारठेल. सुरुवातीचे चालक थंडीत रेडिएटरवर चामड्याचे किंवा कापडाचे आवरण टाकत आणि अंदाजाने ते खालीवर करत. हा अंदाज माणसाच्या हातून काढून घेण्याचे काम थर्मोस्टॅटने केले.

त्याची रचना साधी आहे. धातूच्या छोट्या डबीत विशिष्ट मेण भरलेले असते. इंजिन थंड असताना झडप बंद राहते आणि पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहते, त्यामुळे इंजिन लवकर तापते. साधारण ८० ते ८८ अंशांना मेण वितळून फुगू लागते, दांडी ढकलली जाते, झडप उघडते आणि पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे वळतो. उष्णता वाढली की झडप आणखी उघडते, कमी झाली की मिटू लागते. ट्रक रिकामा असो वा भरलेला, इंजिनाचे तापमान थोड्याच अंशांच्या पट्ट्यात टिकते.

थंड राहिलेले इंजिन सुरक्षित असते, हा समज डिझेल इंजिनाच्या बाबतीत विशेष घातक आहे. या इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच सारे अवलंबून असते. भिंती गार असतील तर इंधन अर्धवट जळते, पांढरा धूर येतो, न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये मिसळते आणि वंगण पातळ होते. इंधनातील गंधक आणि ज्वलनातील वाफ थंड भिंतीवर एकत्र येऊन आम्ल तयार होते, ते धातू झिजवते. आजच्या ट्रकमध्ये आणखी एक भर पडली आहे : धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला पुरेसा गरम धूर लागतो. झडप उघड्या अवस्थेत अडकली, तर तीही नीट काम करत नाही. उलट झडप बंद अवस्थेत अडकली, तर काही मिनिटांत पाणी उकळते, हेड गॅस्केट जाते आणि सिलिंडर हेड वाकते.

महाराष्ट्राचा डिझेलशी संबंध जुना आहे. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. विहिरीवरच्या अनेक इंजिनांत उपसलेल्या पाण्याचीच एक धार सिलिंडरभोवती फिरवून पाटात सोडली जाई. १९५४ मध्ये डाइमलर-बेन्झच्या सहकार्याने टाटांचे ट्रक जमशेदपूरला बनू लागले आणि देशभराच्या घाटांतून धावू लागले. उष्ण हवेच्या देशात रस्त्याकडेचे अनेक मिस्त्री इंजिन तापण्याच्या तक्रारीवर थर्मोस्टॅटच काढून टाकण्याचा उपाय करत आले आहेत. वरकरणी तो पटतो. परंतु मूळ दोष बहुधा तुंबलेल्या रेडिएटरचा, सैल पट्ट्याचा किंवा झिजलेल्या पाणीपंपाचा असतो, आणि तो तसाच राहतो. शिवाय अनेक इंजिनांत हीच झडप तापल्यावर आतला जवळचा मार्ग बंद करते. ती काढली की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला टाळून तसाच फिरत राहतो. अशा इंजिनात सपाटीवर गारठा आणि घाटात उकळी, असे दुहेरी नुकसान होते.

डिझेल यांचे मूळ स्वप्नही पूर्णपणे विझले नाही. १९८० च्या आसपास अमेरिकेत कमिन्स कंपनी आणि लष्कर यांनी मिळून सिरॅमिकचे अस्तर वापरून थंड न करता चालणारे ट्रकचे इंजिन बनवून पाहिले. ते चाललेही. मात्र वाचवलेली बरीचशी उष्णता धुराबरोबर निघून गेली, तापलेल्या भिंतींमुळे हवा कमी भरू लागली आणि वंगणाचा प्रश्न अवघड झाला. बाजारातल्या ट्रकमध्ये पाणी, रेडिएटर आणि थर्मोस्टॅट कायम राहिले. तरीही आजच्या मोठ्या ट्रकचे इंजिन इंधनातील चाळीस टक्क्यांहून अधिक उष्णता कामात उतरवते, आणि ती वाट १८९७ च्या त्या २६.२ टक्क्यांपासूनच सुरू होते.

ते ऐतिहासिक इंजिन म्युनिकच्या जर्मन संग्रहालयात पाहता येते. आउग्सबुर्गच्या विटेल्सबाख उद्यानात डिझेल यांच्या स्मरणार्थ शिळांची एक शांत बाग आहे. ती उभारली जर्मन सरकारने नव्हे, तर यानमार या डिझेल इंजिन कंपनीचे जपानी संस्थापक मागोकिची यामाओका यांनी. १९५७ मध्ये त्यांनी ती शहराला भेट दिली. समुद्रात हरवलेल्या माणसाला समाधी नाही. ज्या शहरात त्यांनी आपल्या इंजिनाभोवती अखेर पाणी फिरू दिले, त्या शहरात या शिळा आहेत.